पहिला नंबर कोणाचा?

आपल्याकडे नंबराइतके कौतुक दुसऱ्या कशाचेही नाही. मॅट्रिकच्या बोर्डाची गुणवत्ता यादी लागत असे त्या काळी पहिल्या आलेल्या मुलाचा पेढा खातानाचा फोटो वर्तमानपत्रात छापून येई, आणि त्याच्याहून एका गुणाने मागे पडलेला मुलगा दुसऱ्याच दिवशी जगाच्या विस्मृतीत जाई. त्या एका गुणात मुलाच्या बुद्धीचा अंश किती आणि पेपर तपासणाऱ्या मास्तरांच्या त्या दिवशीच्या पित्ताचा अंश किती, हे विचारण्याचे धाडस कोणी करीत नसे. पुढे बोर्डाने ती यादी बंद केली. पण यादीची हौस अशी बोर्डाच्या ठरावाने थोडीच बंद होते! ती माणसांवरून उठली आणि आता यंत्रांच्या मानेवर जाऊन बसली आहे.

बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणकाच्या प्रोग्रामाला त्या जगात ‘इंजिन’ म्हणतात. अशी इंजिने आज शेकड्यांनी आहेत. त्यांचे आपापसांत रात्रंदिवस डाव लावावयाचे, निकालांचा हिशेब करावयाचा, आणि पहिले कोण, दुसरे कोण, दोनशेवे कोण हे जाहीर करावयाचे, असा उद्योग काही हौशी मंडळी वर्षानुवर्षे करीत आली आहेत. स्वीडनमधल्या बुद्धिबळ-संगणक संघटनेने तो गेल्या शतकाच्या नवव्या दशकात सुरू केला. ‘सीसीआरएल’ आणि ‘सीईजीटी’ या नावांच्या याद्या या शतकातल्या. यादीत प्रत्येक इंजिनापुढे चार आकडी संख्या असते. ती वाचून मंडळी हुरळून जातात. ‘अमुक इंजिन ३६०० चे आहे, जगज्जेता बिचारा २८०० चा!’ असे वाक्य आता शाळकरी मुलांच्याही तोंडी ऐकू येते, आणि आईबाप ते अभिमानाने ऐकतात.

माझे म्हणणे प्रथमच स्पष्ट सांगतो. या याद्या करणारी माणसे बहुशः प्रामाणिक आहेत आणि त्यांचे गणितही चुकीचे नाही. पण यादीतून जो अर्थ लोक काढतात, तो दहातल्या नऊ वेळा खोटा असतो. यादीच्या शेंड्यावरच्या पाच-सात नावांचा क्रम हा पुष्कळदा केवळ योगायोग असतो; आणि यंत्राचा आकडा माणसाच्या आकड्याशेजारी ठेवून वजाबाकी करणे हा तर उघड अडाणीपणा आहे. हे जरा कडक वाटेल. म्हणून पुरावा देतो.

हा आकडा आला कोठून, ते आधी पाहू. हंगेरीत जन्मलेले आणि अमेरिकेतील मिलवॉकी येथे पदार्थविज्ञान शिकविणारे प्राध्यापक अर्पाद एलो यांनी ही पद्धत बसविली. अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने ती १९६० साली स्वीकारली आणि जागतिक संघटनेने, म्हणजे ‘फिडे’ने, १९७० साली. पद्धतीचे मर्म एवढेच की दोन खेळाडूंच्या गुणांतील फरकावरून त्यांच्यातील डावांचा निकाल अंदाजता येतो. फरक १०० चा असेल तर वरच्याने शंभर डावांत सुमारे ६४ गुण मिळवावेत. २०० चा असेल तर सुमारे ७६. येथे शब्द ‘फरक’ हा आहे, तो ध्यानात धरावा. २५०० या आकड्याला स्वतःचा असा काही अर्थ नाही. यादीतल्या सर्वांच्या गुणांत उद्या हजार मिळविले किंवा हजार वजा केले, तरी एकाही डावाचे भाकीत बदलणार नाही.

डोंगराची उंची आपण समुद्रसपाटीपासून मोजतो, आणि कळसूबाई असो की हिमालय, समुद्र सर्वांना एकच असतो. एलो गुणांना असा समुद्र नाही. प्रत्येक यादी आपल्या अंगणात एक हौद बांधते आणि त्याच्या पाण्यापासून उंची मोजते. खुद्द एलोसाहेबांना याची पुरती जाणीव होती. या मापनाला त्यांनी खवळलेल्या पाण्यावर हेलकावणाऱ्या बुचाची आणि वाऱ्यावर झुलणाऱ्या दोराला बांधलेल्या मोजपट्टीची उपमा दिली होती. गुरू इतका विनयशील, आणि शिष्य मात्र शेवटच्या अंकासाठी भांडणारे!

माणसांच्या यादीतला हौददेखील हलविता येतो, हे आपल्या घराघरांतून नुकतेच अनुभवाला आले आहे. १ मार्च २०२४ रोजी फिडेने २००० च्या खालच्या सर्व खेळाडूंचे गुण एका सूत्राने वाढविले: २००० ला जेवढे कमी, त्याच्या चार दशांश मिळवावयाचे. म्हणजे आदल्या रात्री १५०० वर झोपलेला नाशिकचा किंवा सांगलीचा मुलगा सकाळी १७०० चा होऊन उठला. मधल्या वेळात त्याने एक प्यादेही हलविले नव्हते. फिडेने हे सकारण केले. खालच्या भागात आकडे आकसून गेले होते, ते सैल करणे भाग होते. त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्या आकड्याला असे एका रात्रीत ताणता येते, तो दगडावरची रेघ नव्हे, एवढे तरी कबूल करावे की नाही?

आता यंत्रांकडे येऊ. स्वीडिश मंडळींनी आरंभी मोठ्या प्रामाणिकपणे आपल्या हौदाची माणसांच्या समुद्राशी सांगड घालण्याचा प्रयत्न केला. १९८७ ते १९९१ या काळात स्वीडनमधील खेळाडू आणि संगणक यांच्यात स्पर्धेच्या पद्धतीने ३३७ डाव झाले आणि त्यांवरून यादीची पातळी ठरविली गेली. पुढे यंत्रे आपापसांत खेळत राहिली, आकडे चढत राहिले, आणि २००० साली या मंडळींना आढळले की माणसांशी तुलना करता आपली यादी फुगली आहे. तेव्हा त्यांनी काय केले? संपूर्ण यादीतून सरसकट १०० गुण कापले! त्यांच्या सचोटीला माझा नमस्कार आहे. पण कापणीच्या आदल्या दिवसापर्यंत ज्यांनी ते आकडे जाहिरातींतून मिरविले आणि ज्यांनी ते वाचून यंत्रे विकत घेतली, त्यांचा हिशेब कोणी करावयाचा? त्या काळच्या बुद्धिबळ-यंत्रांपैकी ‘फिडेलिटी’ कंपनीच्या एका यंत्राचे तर नावच ‘डिझायनर २२६५’ असे होते. साबणाच्या वडीवर वजन छापावे तशी ताकद नावातच छापलेली!

त्यानंतर माणूस आणि यंत्र यांच्यामधला पूल हळूहळू पडत गेला. १९९७ च्या मे महिन्यात ‘डीप ब्लू’ने कास्पारॉव्हला साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरविले, तो सामना अवघ्या सहा डावांचा होता. २००२ साली बहारीनमध्ये क्रामनिकने ‘डीप फ्रिट्झ’शी चार-चार अशी बरोबरी केली, २००६ साली बॉन येथे तोच क्रामनिक चार विरुद्ध दोन असा हरला, आणि एका डावात तर एका चालीतली मात त्याच्या नजरेतून निसटली. २००९ साली ब्यूनॉस आयरिसच्या स्पर्धेत मोबाइल फोनवर चालणाऱ्या ‘पॉकेट फ्रिट्झ’ने दहापैकी साडेनऊ गुण मिळविले. खिशातल्या फोनशी हरण्यासाठी कोणता ग्रँडमास्टर पुन्हापुन्हा पटावर बसेल? तेव्हापासून दोन्ही बाजूंना सारखे सैन्य आणि स्पर्धेची पूर्ण वेळ देऊन, सांगड घालण्यास पुरतील इतके डाव माणसाने यंत्राशी खेळलेलेच नाहीत. पूल पडला, पण पलीकडच्या तीरावर उंची मोजणे मात्र चालूच राहिले.

कल्पना करा की कोल्हापुरातल्या एखाद्या तालमीने दारे लावून घेतली आणि आतले मल्ल वीस वर्षे केवळ एकमेकांशीच कुस्ती खेळले. आत कोण कोणाला चितपट करतो, याची वही त्यांनी चोख ठेवली. ती वही खोटी नाही. पण तिच्यावरून बाहेरचा मल्ल त्यांच्यापुढे किती पळे टिकेल हे सांगावयाचे, तर तो हिशेब उरत नाही, ते भविष्यकथन होते. कार्लसनचा २०१४ सालचा सर्वोच्च आकडा २८८२. यंत्रांच्या याद्यांच्या शेंड्यावरचा आकडा ३६०० च्या वर. यंत्र श्रेष्ठ आहे याविषयी शंका नाही. पण ते ‘सातशे गुणांनी’ श्रेष्ठ आहे, हे वाक्य निरर्थक आहे. दोन वेगळ्या हौदांच्या पाण्यापासून मोजलेल्या उंचीची ती वजाबाकी आहे.

कोणी म्हणेल, ‘बरे, माणूस राहू द्या. यंत्रायंत्रांतला क्रम तरी खरा ना?’ तोही पाहू. एक नाणे घ्या आणि शंभर वेळा उडवा. छाप बरोबर पन्नास वेळा येईल असे नाही. अठ्ठावन्न वेळा आला तरी नाणे खोटे म्हणता येणार नाही. आता अगदी तुल्यबळ अशी दोन इंजिने घ्या आणि त्यांच्यात शंभर डाव लावा. निम्मे डाव बरोबरीत सुटतील असे धरले, तरी केवळ नशिबाच्या खेळाने त्यांतले एक ५७ गुणांपर्यंत सहज जाऊ शकते. ५७ गुण म्हणजे यादीच्या भाषेत जवळजवळ पन्नास एलोंची आघाडी! मुळात आघाडी शून्य. याच हिशेबाने, पाच एलोंचा फरक खरा की भास हे ठरवावयाचे तर नऊ-दहा हजार डाव लागतात.

हे गणित जाणकारांना पाठ आहे. ‘स्टॉकफिश’ या सर्वांत नावाजलेल्या इंजिनाचे कर्ते आपल्या प्रोग्रामात एक ओळ बदलावयाची झाली, तरी स्वयंसेवकांच्या संगणकांवर हजारो डाव खेळवून पाहतात. ‘फिशटेस्ट’ या नावाची ही व्यवस्था २०१३ पासून चालू आहे. एक-दोन गुणांच्या सुधारणेसाठी कित्येकदा लाखाच्या घरात डाव जातात, आणि तरीही बदल स्वीकारावयाचा की नाही हे संख्याशास्त्राच्या कडक कसोटीवर ठरते. कारखान्यात एवढी सावधगिरी, आणि बाजारात? समजा, यादीत तीन इंजिने ३६४०, ३६३५ आणि ३६३१ अशी उभी आहेत, आणि प्रत्येकापुढे बारीक अक्षरांत ‘अधिक-उणे १०’ असे लिहिले आहे. याचा सरळ अर्थ असा की या तिघांत पहिला कोण हे आम्हाला ठाऊक नाही. पण बातमी काय होते? ‘अमुकने पहिला क्रमांक पटकावला!’ अधिक-उणे कोणी वाचीतच नाही. पंचांगातले मुहूर्त मिनिटामिनिटाने पाहणारे आपण लोक, येथे मात्र दहा-दहा गुणांचा घोळ डोळे मिटून गिळतो.

आणि डाव कोणत्या परिस्थितीत झाले, हा प्रश्न तर याहून मोठा. २०१७ च्या डिसेंबरात ‘अल्फाझीरो’ने स्टॉकफिशशी शंभर डाव खेळून २८ जिंकले, ७२ बरोबरीत सोडविले आणि एकही गमावला नाही, ही वार्ता जगभर गाजली. हिशेब केला तर हा शंभर एलोंचा फरक होतो. पण त्या सामन्यात स्टॉकफिशला प्रत्येक चालीला ठरीव एकच मिनिट होते, त्याची स्मृती अपुरी ठेवलेली होती, आणि सुरुवातीच्या चालींचे पुस्तकही दिलेले नव्हते. टीका झाली. एक वर्षाने अधिक न्याय्य अटींवर झालेल्या हजार डावांचा निकाल प्रसिद्ध झाला: १५५ विजय, ६ पराभव, ८३९ बरोबरी. अल्फाझीरो श्रेष्ठच ठरले. पण फरक शंभरावरून पन्नासाच्या आसपास उतरला. दोन्ही आकडे ‘खरे’ होते. अटी बदलल्या, आकडा निम्मा झाला.

असेच याद्यांचे आहे. एकच इंजिन सीसीआरएलच्या पंधरा मिनिटांत चाळीस चालींच्या यादीत एका आकड्यावर असते आणि दोन मिनिटांच्या झटपट डावांच्या यादीत दुसऱ्या. कोणाला एक प्रोसेसर, कोणाला चार. त्यातच नवी पंचाईत अशी की आजची वरची इंजिने इतकी बिनचूक खेळतात की साध्या सुरुवातीपासून खेळविली तर जवळजवळ प्रत्येक डाव बरोबरीत सुटतो आणि यादी सपाट होऊन बसते. म्हणून परीक्षक मुद्दाम एका बाजूला झुकलेल्या स्थितीपासून डाव सुरू करतात आणि दोघांना आळीपाळीने दोन्ही बाजू देतात. युक्ती उत्तम आहे. पण मग यादीतले अंतर किती पडणार, हे स्थिती किती झुकविली यावर अवलंबून राहते. मोजपट्टीवरच्या रेघा परीक्षकाने निवडावयाच्या, आणि आपण त्या इंचांवरून भांडावयाचे!

कुळाचाही प्रश्न आहे. ‘रिब्का’ नावाचे इंजिन काही वर्षे याद्यांच्या डोक्यावर बसले होते. २०११ साली आंतरराष्ट्रीय संगणक-क्रीडा संघटनेने त्यात ‘फ्रूट’ आणि ‘क्राफ्टी’ या इंजिनांची उचल असल्याचा निर्णय देऊन त्याची २००७ ते २०१० ची विजेतेपदे काढून घेतली. त्या निर्णयावरही पुढे वाद झाला, तो असो. मुद्दा हा की यादी ताकद मोजते, कर्तृत्व मोजीत नाही. आज स्टॉकफिशच्या उघड्या संहितेवरून बेतलेली भावंडे पुष्कळ आहेत. एखादी यादी त्यांना घरात घेते, दुसरी दाराबाहेर ठेवते. मग ‘तिसरा नंबर’ या शब्दाला काय अर्थ उरला?

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा: ‘ही मंडळी पदरमोड करून, स्वतःची वीज जाळून हे काम करतात, आणि तुम्ही घरबसल्या नावे ठेवता?’ नावे मी त्यांना ठेवीतच नाही. अधिक-उणे तेच छापतात, डावांची संख्या तेच देतात, अटीही तेच सांगतात. दोष त्यांच्या वहीतून एकच रकाना फाडून घेऊन चौकात दवंडी पिटणाऱ्यांचा आहे.

दुसरा आक्षेप: ‘मग याद्या जाळून टाकावयाच्या काय?’ मुळीच नाही. मोठा फरक असला म्हणजे तो कोणत्याही यादीत दिसतो. स्टॉकफिशने २०२० साली मूळ जपानी शोगी खेळासाठी निघालेली नव्या धर्तीची मूल्यमापन-पद्धत उचलली, तेव्हा त्याने घेतलेली उडी साऱ्या याद्यांत एकाच वेळी उमटली. निरनिराळ्या अटींवर निरनिराळ्या माणसांनी मोजूनही जे सारखे दिसते, ते खरे. जे एकाच यादीत, एकाच महिन्यात, चार गुणांनी दिसते, ते वाऱ्याने हललेले पान.

‘असेना का चुकीचे, यंत्रांच्या नंबराने कोणाचे काय बिघडते?’ असे एखादे काका फराळ करता करता म्हणतील. बिघडते ते ऐका. २०२१ साली ‘फॅट फ्रिट्झ २’ नावाचे इंजिन बलाढ्य म्हणून बाजारात आले आणि पैसे घेऊन विकले गेले. स्टॉकफिशच्या कर्त्यांनी जाहीर केले की हे आमचेच, फुकट मिळणारे इंजिन किरकोळ फेरफार करून विकले जात आहे. प्रकरण जर्मनीत न्यायालयात गेले आणि २०२२ साली तडजोड झाली. विकणाऱ्या कंपनीने एक वर्ष स्टॉकफिशवर आधारलेला माल न विकण्याचे मान्य केले. गिऱ्हाईक पैसे मोजते ते बलाच्या नंबरासाठी, आणि बल फुकटात उपलब्ध असते!

पैशाहून मोठे नुकसान मुलाचे होते. बुद्धिबळ शिकणाऱ्या पोराला यादीतले पहिले इंजिन मिळाले काय आणि पन्नासावे मिळाले काय, दोन्ही त्याला सारखेच चिरडणार आहेत. त्याला हवा असतो चूक समजावून सांगणारा गुरू, आणि ते काम कोणतीही यादी मोजीत नाही. परंतु घरात रात्रंदिवस आकड्याचाच जप चालला, म्हणजे मुलालाही वाटू लागते की आपण म्हणजे आपला आकडा. स्पर्धेत बारा गुण गेले की पोर जेवत नाही. बारा गुण! ज्या मापात यंत्रांचे हजारो डाव खेळविल्यावाचून दहाचा फरक ओळखू येत नाही, त्याच मापाने आपण नऊ फेऱ्यांवरून दहा वर्षांच्या मुलाची किंमत ठरवितो आणि संध्याकाळी त्याच्याशी अबोला धरतो. यंत्रांना या अपमानाचे काही वाटत नाही. मुलांना वाटते.

तेव्हा यापुढे कोणी कोणत्याही यादीतला पहिला नंबर तुमच्यापुढे नाचविला, तर चार प्रश्न विचारा. डाव किती झाले? अधिक-उणे किती? कोणाशी आणि कोणत्या अटींवर खेळविले? आणि दुसऱ्या कोणाच्या मोजणीत तेच दिसते काय? चारही उत्तरे मिळाली तर यादी घ्या आणि तिच्यापुरता विश्वास ठेवा. एकही उत्तर चुकविले, तर आकडा छापणाऱ्याला परत करा. आणि पहिल्या तिघांत खरोखरीच फरक कळत नसेल, तर यादी करणाऱ्यांनीही ‘तिघे बरोबरीत’ असे ठळक अक्षरांत छापावे. बुद्धिबळाच्या पटावर बरोबरी हा मानाचा निकाल आहे; यादीत छापायला तेवढी लाज कशाची?